जायच्या आधी ओटीपी भावाच्या हवाली कर

एका मुलीचं पत्र आलंय. लांब होतं, मी कापून छोटं केलंय आणि गावाचं नाव काढून टाकलंय. भाषा मात्र तिचीच ठेवलीय.

"ताई, मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी केमिस्ट्री केलं. २ फेब्रुवारीला जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा दिली, मार्चमध्ये निकाल आला आणि तिसऱ्या राउंडला आयआयटी बॉम्बेत एमएस्सीची सीट लागली. आता ११ दिवसांनी निघायचंय. एप्रिलमध्ये आजी अंगणात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवस मी न् आई आळीपाळीनं दवाखान्यात. योजनेचे कागद मीच केले. मे मध्ये सहावं सेमिस्टर आणि त्यातच अक्काचं लग्न, त्यात पाऊस, मांडव बसला. सकाळी दहावीच्या पोरांची शिकवणी घ्यायचे, लॅपटॉपला पैसे पाहिजे होते. जूनमध्ये नॉन-क्रिमिलेअर. राज्याचं काढलं तर म्हणले हे चालत नाही, सेंट्रलचं पाहिजे. सहा चकरा झाल्या. मधी पेरणी. अन् आता सगळं झालंय तर मला काहीच सुधरना गेलंय. दुपारी टेकले की उगाच रडू यायलंय. ठरवलं होतं की सुट्टीत क्वांटम केमिस्ट्रीचा पाया पक्का करायचा, इंग्लिश बोलायची सवय करायची. एक पान वाचलं नाही. आमच्या बॅचच्या ग्रुपवर दिल्लीची पोरं आत्ताच गेट परीक्षेच्या गप्पा मारायलेत. आई म्हणते आता आराम कर, पण आरामच होईना. हे लिहितानाबी दोनदा उठले, शेजारच्या काकूच्या केवायसीचा ओटीपी आला म्हणून. भाऊ अकरावीला गेलाय, तो झोपलाय. ताई, मी सगळी सुट्टी वाया घालवली का? एक वर्ष थांबून, नीट तयारी करून जाऊ का? — सुट्टी न मिळालेली"

अगं सुट्टी न मिळालेली,

आधी ते वर्षभर थांबायचं निकालात काढू, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. थांबू नको. जॅमचा स्कोअर त्याच वर्षापुरता असतो हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय. थांबलीस तर सीट गेली आणि पुढच्या फेब्रुवारीत परत तीन तास तोच पेपर, परत तो राउंडचा खेळ, आणि नॉन-क्रिमिलेअर परत १ एप्रिलनंतरचं नवं मागतील तेव्हा परत सहा चकरा. बरं "नीट तयारी" करायला घरी थांबलीस तर तयारी होईल का? यंदा चार महिन्यांत एक पान झालं नाही म्हणतेस, पुढच्या बारा महिन्यांत तुला ते घर बसू देणार आहे का वाचत? मला तर दिसतंय पुढच्या दिवाळीपर्यंत तू अर्ध्या गावाची केवायसी केलेली असशील आणि क्वांटम तिथंच असेल.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नेहमीसारखं वाचलं, जीव कळवळला वगैरे. दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन वाचलं आणि प्रत्येक कामापुढे ते कोणी केलं ते लिहीत गेले. आजीच्या ऑपरेशनचे कागद, तू. सेतूच्या चकरा, तू. शिकवणी तू, पोर्टलवर अपलोड तू. शेजारच्या काकूचा ओटीपीसुद्धा तुझ्याच फोनवर! (काकूचा नंबर तुझा कसा काय झाला ते मला विचारायचंच नाहीये, प्रत्येक गल्लीत एक अशी पोरगी असते जिचा नंबर सगळ्यांच्या आधारला लागलेला असतो.) आणि सगळ्यात शेवटी, एका ओळीत, "भाऊ झोपलाय".

तू विचारतेस सुट्टी वाया गेली का. मला वाटतं तुला सुट्टी नव्हतीच, तू नोकरीवर होतीस. तुझ्या घरचं एक ऑफिस आहे, त्यात क्लार्क तू, शिपाई तू, साहेबपण तूच, आणि ते ऑफिस तुझ्या फोनमध्ये आहे. आराम होत नाही याचं कारण मनबिन काही नाही गं, ऑफिस अजून चालू आहे. दुपारी टेकलीस की डोकं म्हणतं आत्ता काहीतरी वाजेल, आणि वाजतंच. आणि तू पवईला जाशील तेव्हा ते ऑफिस तुझ्याबरोबर येईल, क्वांटमच्या तासाला बेंचखाली थरथरत बसेल. हे मी अंदाजाने सांगत नाहीये, माझं झालंय.

मी लातूर जिल्ह्यातली, औसा तालुका. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आमचं घर पडलं नाही पण भिंती उभ्या चिरल्या. मग घर दुरुस्तीच्या अनुदानाचे अर्ज, पंचनामे, अमुक कागद तमुक शिक्का, हे सगळं आमच्या घरात माझ्याकडे आलं, का तर माझं अक्षर चांगलं होतं. बस एवढंच कारण. आणि एकदा आलं ते आलंच. बँकेची स्लिप मी भरायची, सोसायटीचं पासबुक मी वाचायचं, मामाला पत्र मी लिहायचं, शेजारपाजारचे लोकपण यायचे "ताई एवढं लिहून दे" करत. १९९९ ला पुणे विद्यापीठात एमएस्सीला नंबर लागला, त्या उन्हाळ्यात मी तुझ्यासारखीच पळत होते आणि तुझ्यासारखीच जायच्या आदल्या आठवड्यात माळवदावर बसून रडत होते.

आणि कोणाला काहीच न शिकवता निघून गेले. खरं सांगू का, वेळ नव्हता असं मी वीस वर्षं सांगत आले पण ते खोटं आहे, वेळ होता. मला मनातून आवडायचं ते. माझ्यावाचून घर अडतं याचा मला केवढा गर्व होता! अण्णा, माझे वडील, चारचौघात म्हणायचे "आमचं सगळं हिच्याकडं असतं बघा", ते ऐकून मी दोन इंच वाढायचे. पुण्यातून मी रात्री अकरानंतर एसटीडी बूथवर लाइन लावायची, तेव्हा दर कमी व्हायचा ना, आणि गावातल्या एकुलत्या एक फोनवर अण्णांना बोलावून सांगायची की निळी फाईल काढा, त्यातला तिसरा कागद. दर पंधरा दिवसांनी गावी. फिजिकल केमिस्ट्रीच्या इंटर्नल परीक्षेला पहिल्यांदाच आयुष्यात नापास झाले, सरांनी बोलावून विचारलं काय प्रॉब्लेम आहे, काय सांगणार, निळी फाईल?

मग मार्च आला. पीककर्जाचं नवंजुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, करायचं असतं मार्चअखेर, ते दरवर्षी मी करायचे. माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती, होळीला जाणं झालं नाही, अण्णा वाट बघत बसले, मुदत गेली आणि व्याज चढलं. कोणी मला एक शब्द बोललं नाही. मीच सुट्टीत गेल्यावर धाकट्या भावावर ओरडले की एवढा घोडा झालास, एक कागद नेऊन देता आला नाही? तो शांतपणे म्हणाला, "तू कधी हात लावू दिलास का त्या फाईलला?"

त्याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. पण बरोबर होतं त्याचं.

म्हणून तुझ्या ११ दिवसांत मी तुला एकच मोठं काम सांगणारे, ते म्हणजे ऑफिस भावाच्या हवाली करणं. क्वांटम नंतर, इंग्लिश त्याच्याही नंतर.

सगळ्यात आधी नंबर. वडलांच्या, आईच्या, आजीच्या आधारला तुझा मोबाईल नंबर लावलेला असणार, शंभर टक्के. तो बदलून घरी राहणाऱ्या फोनचा लाव. त्यासाठी साधारणपणे त्या माणसाला स्वतः आधार केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा लागतो आणि नंबर अपडेट व्हायला काही दिवस जातात, त्यामुळे हे उद्याच कर, परवावर नको. आजीला नेता येणार नाही आत्ता, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला जीपमध्ये कोंबू नका, तिचं दिवाळीत बघा. बँकेतला नंबर वेगळा असतो, आधारचा बदलला की बँकेतला आपोआप बदलतो असं लोकांना वाटतं, तसं नाही, शाखेत जाऊन वेगळा फॉर्म द्यायचा. आणि शेजारच्या काकूंना प्रेमाने सांग की काकू मी चालले, तुमच्या सुनेचा नंबर लावून घ्या. त्यांना राग येईल. येऊ दे, चार दिवसांत जातो.

मग भावाला उठव! अकरावीचा पोरगा दुपारी झोपतो म्हणजे काय. त्याला समोर बसवायचं, फोन त्याच्या हातात, आणि तू हात मागे बांधून बसायचं. हे फार अवघड जाणारे तुला, आधीच सांगते. तो सातबाऱ्याचा फोटो उलटा अपलोड करणार, फाईल २०० केबीच्या वर गेली म्हणून तीनदा एरर येणार, कॅप्चा चुकणार, तुझे हात शिवशिवणार की आण इकडे, दोन मिनिटांत करते. तू दोन मिनिटांत करशील हे खरंय गं, पण तेच तर चाललंय ना इतकी वर्षं. त्याला चाळीस मिनिटं लागू दे.

आणि सुरुवातीला त्याला खोटं खोटं काम देऊ नको, खरं दे. तुझ्या सुदैवाने म्हण की दुर्दैवाने, आत्ता खरीच कामं दारात उभी आहेत. खरिपाच्या पीकविम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलै असते. तो एक रुपयावाला विमा २०२५ पासून बंद झालाय, आता शेतकऱ्याला हप्ता भरायचाय आणि फार्मर आयडीपण लागतोय, त्यामुळे गर्दी आणि गोंधळ दोन्ही असणार. हा फॉर्म भावाने भरायचा. तू शेजारी बसायचं, बस. दुसरं म्हणजे ई-पीक पाहणी, शेतातल्या पिकाची ॲपवर करायची नोंद. ती ऑगस्टमध्ये सुरू होते, तेव्हा तू पवईत असशील. आणि तिथं तर तू मनात आणलंस तरी काही करू शकत नाहीस कारण ॲप लोकेशन घेतं, फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. मला हे फार बरं वाटतं, निदान एक तरी काम सरकारने असं काढलं जे हॉस्टेलवर बसून लेकीला करता येत नाही. बाकी पीएम किसानची केवायसी, लाईटबिल, गॅस, आजीच्या गोळ्या कुठल्या दुकानातून येतात, टाके काढलेल्या डॉक्टरांकडे परत कधी दाखवायचंय, हे सगळं एका दोनशे पानी वहीत लिहून काढ. पानाच्या वर कामाचं नाव, खाली मूळ कागद कुठे आहे, कुठल्या ऑफिसात जायचं, कोणाला भेटायचं, मागच्या वेळी काय अडलं होतं. "मागच्या वेळी काय अडलं" हे सगळ्यात महत्त्वाचं, ते पोर्टलवर कुठेच लिहिलेलं नसतं, ते फक्त तुझ्या डोक्यात आहे. राज्याचं नॉन-क्रिमिलेअर वेगळं आणि सेंट्रलचं वेगळं, ही गोष्ट तुला सहा चकरा मारून कळली ना, दोन वर्षांनी भावाला लागेल तेव्हा त्याला एका चकरेत कळायला पाहिजे. (खरं तर ही गोष्ट बारावीच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहून ठेवायला पाहिजे, पण जाऊ दे, तो विषय काढला तर माझा रक्तदाब वाढतो.)

एक मात्र त्याला दरडावून सांग. ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही, योजनेचे पैसे अडकलेत म्हणाला तरी नाही. आणि काही गेलंच खात्यातून तर घाबरून लपवायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. पोरं मार बसेल म्हणून दोन दिवस सांगत नाहीत आणि त्या दोन दिवसांत पैसे पार जातात.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते. वाया गेली का. लोक तुला सांगतील की "अगं या धावपळीतूनच शिकतो माणूस", तसं काही मी सांगणार नाहीये. सर्व्हर डाऊन आहे उद्या या, हे सहाव्यांदा ऐकून माणूस काही शिकत नाही, थकतो फक्त. ते दिवस गेले, त्याची चिडचिड होणं बरोबर आहे, मलापण झाली वाचून. पण तू हिशोब असा मांडलायस की क्वांटमची पानं किती झाली, शून्य, म्हणजे उन्हाळा शून्य. आणि त्या पंधरा दिवसांत तुझ्या पाळीला आजीच्या कॉटखाली चटई टाकून झोपलीस ते कुठे धरलंस? ते वेळापत्रकात नव्हतं म्हणून धरायचंच नाही का? आजी उठून बसली का गं, ते लिहिलंच नाहीस तू. कागदांचं सगळं लिहिलंस, आजी आता चालते का ते राहिलं. मला तरी तुझ्या पत्रातली ती एकच जागा खटकली. आज रात्री तिच्याजवळ जाऊन बस, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. काही अर्थपूर्ण वगैरे बोलायची गरज नाही, पायाला तेल लाव आणि ती जे सांगेल ते ऐक, तेच ते सांगेल, ऐक.

रडण्याचं म्हणशील तर मला त्यात फार आश्चर्य वाटत नाही. मार्च ते जुलै तू थांबली नाहीस, थांबल्यावर रडू आलं, लग्नघरातसुद्धा बघ ना, मुलीची आई चार महिने खंबीर असते आणि सोळाव्या दिवशी भांडी मोजताना ढसाढसा रडते. ऑफिस हलकं झालं, चार रात्री नीट झोप झाली की बरंचसं जाईल असं मला वाटतं. पण तिथे गेल्यावरही दोन-तीन आठवडे असंच राहिलं, झोप नाही, जेवण जात नाही, तासाला बसवत नाही असं झालं, तर मात्र "होईल बरं" करत बसू नको. आयआयटी बॉम्बेत स्टुडंट वेलनेस सेंटर आहे, तिथं समुपदेशक असतात, तुझ्यासारख्या पोरींसाठीच बसलेले असतात ते. आणि आत्ताच घरी असताना फार अंगावर आलं तर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता अभ्यास. तुला वाटतंय मी विसरले. नाही विसरले, केमिस्ट्रीची मास्तरीण आहे मी, कशी विसरेन. क्वांटमचा पाया ११ दिवसांत पक्का होत नाही, कोणाचाच नाही, दिल्लीच्याही पोरांचा नाही. पण रोज एक तास, सकाळी, तुझी ती शिकवणीची वेळ रिकामी झालीय ना आता, तेव्हा फक्त गणित कर. केमिस्ट्रीची पोरं एमएस्सीत अडकतात ती बहुतेक वेळा केमिस्ट्रीत नाही, बारावीच्या गणितात. साइन-स्क्वेअरचं शून्य ते एल इंटिग्रेशन करून एल बाय टू स्वतःच्या हाताने आण, म्हणजे क्वांटममधल्या डब्यातल्या कणाच्या सूत्रातलं ते वर्गमुळातलं टू बाय एल कुठून येतं ते पाठ करावं लागणार नाही. दोन बाय दोन, तीन बाय तीनचे डिटरमिनंट सोडव. हकेलच्या पद्धतीनं इथिलीनच्या ऊर्जा काढणं म्हणजे दुसरं काय आहे, दोन बाय दोनचा एक डिटरमिनंट, सोडवला की अल्फा अधिक बीटा आणि अल्फा वजा बीटा अशा दोन ऊर्जा हातात. एवढं जमलं तरी पहिल्या महिन्यात फळ्याकडे बघून पोटात गोळा येणार नाही.

आणि ग्रुप थिअरी, म्हणजे रेणूंची सममिती, ती तर स्वयंपाकघरात कर, खरंच सांगते. दोन कानांची कढई घे. मधून उभा अक्ष, अर्धा फेरा फिरवली की जशीच्या तशी दिसते, आणि दोन आरसे, एक दोन्ही कानांतून जाणारा, एक कानांच्या मधून. म्हणजे सी-टू-व्ही. पाण्याचा रेणू पण सी-टू-व्ही. कढई आणि पाणी एकाच पॉइंट ग्रुपातले, हे मला एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मेसच्या भटारखान्यात सुचलं तेव्हा इतका आनंद झाला होता की मी आचाऱ्याला सांगितलं, त्याने मला वाटीभर जास्त आमटी दिली. एका दांड्याचा तवा घे, त्याला एकच आरसा, सी-एस. मग वर बघ, तीन पात्यांचा पंखा. तू म्हणशील अमोनियासारखा सी-थ्री-व्ही. नाही! पाती तिरकी असतात, आरशात ती उलट्या बाजूला तिरकी दिसतील, म्हणजे आरसा बाद, नुसता सी-थ्री. दुपारी पडल्या पडल्या पंखा बघत हे केलंस तर त्याला अभ्यासपण म्हणता येईल आणि आरामपण, आईचंही समाधान.

ती गेटवाली पोरं मनातून काढून टाक. गेट दर फेब्रुवारीत असते, स्कोअर तीन वर्षं चालतो, एमएस्सीचा पहिला तासही व्हायच्या आधी जुलैत त्याच्या गप्पा मारणारा माणूस एकतर घाबरलेला असतो किंवा दुसऱ्याला घाबरवायचं असतं. तो ग्रुप म्यूट कर, फक्त रिपोर्टिंगच्या सूचना बघ. इंग्लिशचं पण तसंच, ११ दिवसांत फाडफाड येत नाही आणि गरजही नाही. दोन वाक्यं आरशासमोर म्हणून ठेव, "सर, कुड यू प्लीज रिपीट दॅट" आणि "आय डिड नॉट फॉलो द लास्ट स्टेप". दुसरं वाक्य वर्गात पहिल्यांदा जो म्हणतो ना, त्याच्यामागे दहा जण सुटकेचा श्वास टाकतात, त्यातले चार इंग्लिश मीडियमचे असतात.

सत्काराचं तू लिहिलं नाहीस पण मला माहितीय चालू असणार. गावात आयआयटीला नंबर लागला म्हणजे फ्लेक्स लागणार, शाल, श्रीफळ, आणि प्रत्येक नातेवाईकाकडे जेवण. दोन घे फक्त, एक तुझ्या शाळेचा आणि एक कॉलेजचा, कारण तिथे समोर बसलेल्या पोरींना तू दिसायला पाहिजेस. बाकीच्यांना आईने सांगावं, दिवाळीत येईल म्हणून. अकरातले पाच दिवस नारळ गोळा करण्यात गेले तर मग खरंच वाया गेले म्हणायची वेळ येईल.

सामानाचं थोडक्यात. मूळ कागद एका फाईलमध्ये आणि त्या प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स दुसऱ्या बॅगेत, टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेट विसरू नको, शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट हातात आली नसेल तर कॉलेजचं पत्र घे. जुलैअखेरची मुंबई आहे, जाड जीन्स नेऊ नको, चार दिवस वाळत नाही आणि वास मारतो. देवगिरी एक्स्प्रेसने येणार असशील तर ठाण्याला उतर. सकाळच्या गर्दीत दोन बॅगा घेऊन लोकलमध्ये चढायचं धाडस मात्र पहिल्याच दिवशी करू नको, तिथून सरळ रिक्षा कर. कांजूरमार्गची लोकल नंतर आहेच दोन वर्षं.

वडील सोडायला येतो म्हणतील. येऊ दे. पण परत जाताना त्यांचं तिकीट भावाने काढलेलं असू दे, त्याच्या फोनवरून.

आणि पीकविम्याची पावती आली की तिचा फोटो मला पाठव. तू काढलेला नको, त्याने काढलेला. उलटा असला तरी चालेल.

— ताई